दगडातली भोकं मोजून राहिली मी

आमच्याकडे पाहुणे आले की आई सांगते, "हिचं ना, दगडातली भोकं मोजायचं काम आहे." पाहुणे हसतात, मी पण हसते, कारण तिनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला प्री-पीएचडीच्या प्रेझेंटेशनमधे चाळीस स्लाईडमधे नीट सांगता आलं नव्हतं. फक्त भोकं किती बारीक ते ती सांगत नाही. केसाची जाडी ढोबळ मानाने ८०,००० नॅनोमीटर धरा, आणि मी ज्यांच्या मागे आहे ती भोकं १०० नॅनोमीटरच्या आतली, बरीचशी तर २ च्या पण खालची. २ च्या खाली असेल तर मायक्रोपोअर, २ ते ५० मेसोपोअर, ५० च्या वर मॅक्रोपोअर. म्हणजे ज्याला आमच्या धंद्यात मॅक्रो म्हणतात ते पण साध्या मायक्रोस्कोपखाली दिसायची मारामार.

हे कशासाठी, तर शेल गॅससाठी. शेल म्हणजे बारीक चिखलाचा बनलेला, पापुद्र्यांचा दगड. शेलमधला मिथेन या बारीक भोकांच्या भिंतींना चिकटून बसतो, काही मोकळा पण असतो, आणि भोकं कुठे आहेत, केवढी आहेत, एकमेकांना जोडलेली आहेत का, यावर गॅस किती आणि निघणार का हे ठरतं. आपल्याकडे २०११ च्या जानेवारीत ओएनजीसीला दुर्गापूरजवळच्या विहिरीत बॅरन मेझर्स नावाच्या थरातल्या शेलमधे गॅस लागला, तेव्हापासून अशा जुन्या गोंडवाना खडकांतल्या शेलवर काम करणारे वाढले. माझा दगड मात्र तिकडचा नाही, आपल्या वर्धा खोऱ्यातला आहे, बराकार नावाच्या कोळशाच्या खडकांमधला कार्बोनेशियस, म्हणजे कार्बनवाला शेल, कोळशासाठी मारलेल्या बोअरमधला. कोळशावाल्यांना हा दगड नकोच असतो, सीमच्या, म्हणजे कोळशाच्या थराच्या, मधे आला की ते त्याला बँड म्हणतात आणि जाडीतून वजा करतात. त्यामुळे मला कोर, म्हणजे बोअरमधून निघालेला दगडाचा दांडा, मिळायला त्रास झाला नाही, "न्या जी मॅडम, पडूनच आहे" म्हणून तिथल्या भाऊनी पेटी पुढे सरकवली. दिसायला कोळशासारखाच काळा पण उचलला की कळतं, जड आहे, आणि नखानी पापुद्रे निघतात. पहिल्या दिवशी बोटं अशी काळी झाली की तर्री पोहे खाताना कागदाचा द्रोण पण काळा.

आता खरं प्रकरण. भोकं मोजायची सगळ्यात चालती पद्धत म्हणजे गॅस चिकटवून पाहणे. दगडाची पावडर काचेच्या नळीत घ्यायची, गरम करून व्हॅक्युम लावून आतली हवा-ओलावा काढून टाकायचा, याला डिगॅसिंग म्हणतात, मग नळी लिक्विड नायट्रोजनमधे बुडवायची, म्हणजे उणे १९६ डिग्री, आणि थोडा थोडा नायट्रोजन गॅस आत सोडत जायचा. प्रत्येक वेळी किती चिकटला ते मशीन मोजतं. भरत भरत वर न्यायचं आणि मग काढत काढत खाली आणायचं. जो ग्राफ येतो त्याला आयसोथर्म म्हणतात, त्यावरून बीईटीनी पृष्ठभाग काढतात, हे ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांचं १९३८ चं, आणि बीजेएचनी भोकांची साईज, हे बॅरेट, जॉयनर आणि हॅलेंडा यांचं १९५१ चं. दोन्ही मशीनच्या सॉफ्टवेअरमधे बटणावर आहेत. हेच सगळ्यात वाईट आहे. बटण दाबलं की उत्तर येतंच, तुम्ही दगड टाका नाहीतर घरचं बेसन टाका.

आमच्या डिपार्टमेंटला हे मशीन नाही. ज्यांच्याकडे होतं त्यांचं नाव नाही लिहत, कारण माणसं चांगली होती, पण त्यांचं रोजचं काम कॅटलिस्टचं, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांचं. कॅटलिस्टचा एक ग्रॅम घेतला तर त्याचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर निघतो, त्यामुळे चिमूटभर सॅम्पल पुरतं. ऑपरेटर दादानी माझ्या शेलचे पण सवयीनी पाव ग्रॅम घेतले. माझ्या दगडाचा ग्रॅममागे पृष्ठभाग चार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे अख्ख्या नळीत मिळून एक चौरस मीटर, टेबलक्लॉथएवढा. मशीन बिचारं काय मोजणार. ग्राफ आला तो असा थरथरत आला की जणू कोणी ऑटोत बसून काढला, आणि शिवाय गॅस काढतानाची रेघ भरतानाच्या रेघेच्या खाली गेलेली. हे होऊच शकत नाही. एकदा आत गेलेला नायट्रोजन परत निघताना जास्तच अडून राहतो, कमी नाही. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, मी तो ग्राफ प्रिंट काढून फाईलला लावला आणि सरांना दाखवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "हे तू पाहिलं का नुसतं आणलं?"

मग दीड ग्रॅम घेऊन परत. या वेळेस ग्राफ सुंदर आला, गुळगुळीत, पण दुसरीच भानगड झाली आणि ती मशीनमधे नाही, नळीत होती. रन संपल्यावर मी नळी काढून धुवायला घेतली तर मानेच्या आतल्या बाजूला, जिथे हीटिंगचं कव्हर संपतं बरोबर त्याच्या वर, एक पिवळट-तपकिरी कडं. कढईच्या काठाला जुनं तेल चिकट होऊन बसतं ना, तसं. बोटानी निघेना, साबणानी निघेना, ॲसिटोन लावलं तर चहासारखं ओघळलं आणि डांबराचा हलका वास. मी दादाला विचारलं डिगॅस कितीवर केलं होतं. "अडीचशेवर, नेहमीसारखं." कॅटलिस्टला अडीचशे काहीच नाही, त्यात जळण्यासारखं काही नसतं. माझ्या दगडात ऑर्गॅनिक मॅटर आहे, मी त्याच्यासाठीच तर आली होती. रॉक-इव्हल टेस्टमधे दगड ३०० डिग्रीवर ठेवतात तेव्हा त्यातला मोकळा हायड्रोकार्बन बाहेर निघतो आणि तो मोजून त्याला एस-वन म्हणतात. आम्ही व्हॅक्युममधे रात्रभर २५० वर ठेवून जवळपास तेच केलं होतं, फक्त मोजायच्या ऐवजी नळीच्या मानेला चोपडलं होतं. ज्या भोकांत ते तेलकट बिटुमेन बसलेलं होतं ती रिकामी झाली आणि मशीननी रिकामी म्हणूनच मोजली. म्हणजे सुंदर ग्राफ माझ्या दगडाचा नव्हताच, भाजलेल्या दगडाचा होता.

तेव्हापासून ११० डिग्री, आणि वेळ चोवीस तास. कमी तापमान म्हणून वेळ जास्त. आता कोणी म्हणेल की ११० वर क्लेच्या आतलं सगळं पाणी निघतं का, तर नाही निघत सगळं, पण दोन वाईटांपैकी हे कमी वाईट असं मी ठरवलं, आणि जे ठरवलं ते सगळ्या सॅम्पलला सारखं ठेवलं. खरं सांगायचं तर यातलं निम्मं शास्त्र हेच आहे, सगळ्यांना सारखं वागवणं.

ओलाव्याचा किस्सा पण सांगूनच टाकते. जुलैमधे नागपूरला कसं असतं, माहीतच आहे, उन्हाळ्याचा कूलर काढावा तर गरमी, ठेवावा तर चिकचिक. डिगॅस झालेली नळी थंड करून मी वजन करायला घेतली आणि दुसरी पावडर तुलनेसाठी ओव्हनमधून काढून उघडीच वॉच ग्लासवर ठेवली. काट्याचा चौथा आकडा स्थिर होईना. वाटलं फॅनची हवा लागत असेल, फॅन बंद केला, काट्याची दारं लावली, तरी आकडा वरच. एक, दोन, तीन, हळूहळू चढतोय. पाच मिनिटं मी नुसती पाहत बसली, पावडर माझ्या डोळ्यांसमोर हवेतलं पाणी पीत होती. जी भोकं आम्ही रात्रभर रिकामी करतो ती पाच मिनिटांत परत भरायला लागतात. त्या दिवशी कळलं की नळीला ती छोटी झडप कशाला असते आणि डिगॅस झाल्यावर आत कोरडा गॅस भरूनच का काढतात.

लिक्विड नायट्रोजनचं वेगळंच. हिंगण्याकडून आणायचा. पशुवैद्यकवाले कृत्रिम रेतनासाठी याच्यातच वीर्याच्या कांड्या ठेवतात, त्यामुळे डबा घेऊन ऑटोत बसलं की ऑटोवाला हमखास विचारतो, "डेअरीचं का ताई?" मी पहिल्या दोन वेळा समजावलं, मग "हो" म्हणायला लागली. डब्याचं झाकण सैलच असतं आणि सैलच ठेवायचं, एक लिटर लिक्विडचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो, घट्ट बंद केला तर तो डबा नाही, बॉम्ब आहे, आणि काचा लावलेल्या कारमधून तर अजिबात न्यायचा नाही, नुसत्या गॅसनीच गुदमरायला होतं. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत उणे १९६ चं भांडं दोन पायांत धरून अमरावती रोडच्या सिग्नलला थांबलेली मी, तोंडाला दुपट्टा, भांड्यातून पांढरी वाफ, बाजूच्या स्कूटीवरचं पोरगं म्हणतं, "मम्मी, पाह्य ना, आईस्क्रीम."

एका रनला रात्र जाते. त्यामुळे तिथले चौकीदार काका ओळखीचे झाले. "काय जी मॅडम, आज बी का?" असं विचारायचे आणि स्वतःच्या डब्यातला ठेचा द्यायचे. एकदा पहाटे तीनला लाईट गेली, यूपीएसनी पंधरा मिनिटं तग धरला आणि मग व्हॅक्युम पंपानी मान टाकली. अठरा तासांचं डिगॅसिंग वाया. मी चिडून पायरीवर येऊन बसली तर काका म्हणाले, "दगड कुठं पळून चालला, मॅडम? उद्या मोजजा." त्यांचं बरोबर होतं, दगड २५-३० कोटी वर्षं थांबलेला आहे, घाई माझ्या फेलोशिपला होती.

आता माझी सगळ्यात मोठी फजिती. सात सॅम्पल झाले आणि सातच्या सात ग्राफमधे ३.८ नॅनोमीटरच्या जवळ एक टोकदार, देखणी पीक, म्हणजे ग्राफचं शिखर. मी हवेत. वाटलं सापडलं, या शेलची सही सापडली, वेगवेगळ्या खोलीचे सॅम्पल आणि तरी एकाच साईजची भोकं, याच्यावर पेपर होतो. पोस्टर बनवलं, त्यात पीकला लाल बाण. दाखवायच्या आदल्या दिवशी आमच्या एका सिनिअर दादानी पाहिलं आणि एकच विचारलं, "हे तू डिसॉर्प्शनवरून काढलं ना? ॲडसॉर्प्शनवरून काढून पाह्य." म्हणजे गॅस काढतानाच्या रेघेऐवजी भरतानाच्या रेघेवरून. काढलं. पीक गायब. नुसता एक सपाट उतार.

झालं असं होतं. काही भोकं सुरईसारखी असतात, पोट मोठं आणि मान बारीक. नायट्रोजन भरताना काही अडचण नाही, पण काढताना मान अडवते, आतला लिक्विड नायट्रोजन ओढला जातो, ताणला जातो, आणि दाब एका मर्यादेखाली आला की, म्हणजे नायट्रोजन लिक्विड होतो त्या दाबाच्या ०.५ ते ०.४ पटीच्या दरम्यान, त्या लिक्विडला ताण सहनच होत नाही, ते एकदम फुटून सगळं बाहेर येतं. ही मर्यादा नायट्रोजनची आहे, दगडाची नाही. बीजेएचला बिचाऱ्याला हे कुठून कळणार, ते म्हणतं या दाबाला खूप गॅस निघाला म्हणजे या साईजची खूप भोकं, आणि तो दाब हिशोबात ३.८ च्या आसपास जाऊन बसतो. तुम्ही अमेरिकेतला शेल घ्या नाहीतर उमरेडचा, पीक तिथेच. मी दगडाची सही म्हणून ज्याच्यावर लाल बाण मारला होता ती नायट्रोजनची सही होती. पोस्टरचा तो भाग रात्रीतून बदलला, बर्डीवरच्या प्रिंटवाल्यानी परत पूर्ण पैसे घेतले.

नायट्रोजनची आणखी एक गोम आहे. उणे १९६ वर तो इतका गारठलेला असतो की २ नॅनोमीटरच्या खालच्या, त्यातल्या पण सगळ्यात बारीक भोकांत शिरायला त्याला जीवच नसतो. तिथे कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो पण शून्य डिग्रीवर, म्हणजे साध्या बर्फाच्या पाण्यात. त्या तापमानाला त्याच्यात अंगात जोर असतो म्हणून बारीक भोकांत घुसतो. मला वाटलं चला सुटलो, डबा नको, ऑटो नको. पण मे महिन्यात बर्फ चार तास टिकवून दाखवा. गोळ्याच्या गाडीवाल्याकडून फोडलेला बर्फ, डिस्टिल्ड पाणी, थर्मामीटर, दर वीस मिनिटांनी पाणी काढा बर्फ घाला, नुसतं पाणी उरलं की तापमान सरकतं आणि ग्राफ बिघडतो. पण निकाल असा आला की मी खुर्चीत ताठ बसली. नायट्रोजननी ज्या दगडाचा पृष्ठभाग चारच्या आसपास सांगितला होता त्याचाच कार्बन डायऑक्साइडनी कितीतरी पट जास्त सांगितला, आणि ज्या सॅम्पलमधे ऑर्गॅनिक कार्बन जास्त त्यात फरक पण जास्त. म्हणजे माल सगळा त्या खोलीत होता जिथे नायट्रोजन दारातूनच परत येत होता.

आता फोटो. २००९ मधे लाउक्स आणि त्यांच्या साथीदारांनी टेक्सासच्या बार्नेट शेलचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो छापले, आर्गॉन आयन बीमनी घासलेल्या पृष्ठभागाचे, आणि त्यात ऑर्गॅनिक मॅटरमधे स्पंजसारखी भोकं दिसली. तेव्हापासून आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला आपल्या दगडात तसाच स्पंज हवा असतो. मला पण हवा होता. पहिले मी नेहमीसारखं हातानी पॉलिश करून पाहिलं, भरपूर भोकं दिसली, आणि ती सगळी पॉलिश करताना दाणे उपटून पडलेले खड्डे निघाले. त्यावर सोन्याचं कोटिंग केलेलं, ते मोठ्या मॅग्निफिकेशनला रव्यासारखं दाणेदार दिसतं, ते पण मी टेक्स्चर म्हणून वहीत काढून ठेवलं होतं. वही अजून आहे, कोणाला दाखवत नाही.

मग चिप्स बाहेरगावी पाठवल्या, आयन मिलिंग करून, कार्बन कोटिंग. तीन महिने वाट पाहिली. फोटो आले, उघडले, आणि व्हिट्रिनाइट, म्हणजे लाकडापासून बनलेलं ऑर्गॅनिक मॅटर, नुसतं सपाट, काळं, ताज्या डांबरी रोडसारखं. एक भोक नाही. स्पंज येतो तो दगड जमिनीखालच्या उष्णतेनी पुरेसा शिजल्यावर, तेल-गॅस बनून निघून गेल्यावर मागे भोकं उरतात. वर्धा खोऱ्यातला आपला माल तेवढा शिजलेलाच नाही, आणि त्यात हे लाकडी, झाडझाडोऱ्याचं ऑर्गॅनिक मॅटर. फ्युझिनाइट नावाच्या दुसऱ्या लाकडी घटकात मात्र जुन्या लाकडाच्या पेशींच्या पोकळ्या दिसल्या, मधाच्या पोळ्यासारख्या, काय देखणं होतं ते, पण त्या मायक्रॉनमधल्या, माझ्या हिशोबात येतच नाहीत. नॅनो भोकं होती ती केओलिनाइट या क्लेच्या खनिजाच्या पानांमधे, पुस्तकाची पानं जरा फुगली की फटी राहतात तशी. आणि नायट्रोजनच्या ग्राफचं वळण पण फटींसारख्याच भोकांचं होतं, एच-थ्री म्हणतात त्या प्रकाराचं. तिथे पहिल्यांदा दोन वेगळ्या पद्धतींनी एकच गोष्ट सांगितली.

त्या सपाट व्हिट्रिनाइटवर मी आठवडाभर रडली, की ऑर्गॅनिक मॅटरमधे काहीच नाही, मग माझा विषयच संपला. मग बर्फवाला ग्राफ आठवला. या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला पाच-दहा नॅनोमीटरच्या खाली तसंही काही दिसत नाही, आणि कार्बन डायऑक्साइड जिथे मोजतो ते त्याच्या कितीतरी खाली. डोळ्याला जे सपाट आहे त्याच्यातच सगळ्यात जास्त भोकं भरलेली. सरांना सांगितलं तर म्हणाले, "लिही मग हे. पण लिहिताना फोटो पुढे नको करू, लोक फोटोवर विश्वास ठेवतात."

पारा घुसवून मोजायची पद्धत पण करून पाहिली, ६०,००० पीएसआयपर्यंत दाब, हिशोबानी ३-४ नॅनोमीटरपर्यंत जाते, पण एवढ्या दाबाला दगड स्वतःच दबतो, नवीन भेगा पडतात, त्यामुळे तिचे आकडे मी फक्त मोठ्या भोकांपुरते ठेवले.

आता चॅप्टर लिहून राहिली. मागच्या महिन्यात टेबल सरांकडे पाठवलं. पृष्ठभाग आणि भोकांच्या साईजच्या कॉलमच्या आधी मी पावडर चाळायची जाळी, ग्रॅम, डिगॅसचं तापमान, डिगॅसचे तास, महिना आणि कोणत्या बाजूची रेघ वापरली असे सहा कॉलम टाकलेत. आणि सगळ्यात खाली २५० वाल्या सॅम्पलची ओळ पण ठेवली, तारा मारून. सरांनी उत्तरात एवढंच लिहिलं की हे ए-फोरवर बसणार नाही. पान आडवं केलंय.